तो अहवाल माझ्याकडे होता, शौकत

शौकत, तुझ्या कबरीवर मी तीन मुठी माती टाकली, त्याला आज तेवीस दिवस झाले. तुझ्या मेहुण्याने मला कोपराला धरून पुढे नेले आणि हळूच म्हणाला, "विनूभाई, तुम्ही पण द्या माती." मी वाकलो. कोरडी, भुसभुशीत, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली माती होती ती. पहिली मूठ पडली, दुसरी पडली, आणि तिसऱ्या वेळी माझी बोटे उघडेनात. मागे माणसे खोळंबली होती. त्यांना वाटले, मित्राच्या दुःखाने हात थिजला. दुःख होतेच. पण हात थिजायला दुसरेही कारण होते, आणि ते तुझ्यासमोर ठेवल्यावाचून मला तुझ्याविषयी एक ओळही लिहिता येणार नाही.

आपल्या जुन्या ऑफिसातल्या मंडळींनी मला तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितले. त्यांना कसला मजकूर हवा होता, हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर मी तेच काम केले. मुरूडकडचा एक हुशार मुलगा, केबलच्या पट्टीपासून डिजिटल जाहिरातीतल्या मोठ्या पदापर्यंत पोचलेला, आणि ऐन भरात समुद्राच्या ओढीने गावी परतलेला. वाचणाऱ्याला बरे वाटले असते. पण तू समुद्राच्या ओढीने परतला नव्हतास. नऊ वर्षांपूर्वी तुझा विभाग बंद झाला, म्हणून परतलास. तुझीच पद्धत बरोबर आहे, हे दाखवणारा एक अहवाल तेव्हा तयार होता. तो माझ्याकडे होता, शौकत. मी तो कुणालाही दाखवला नाही. तुलासुद्धा नाही.

हे सांगायला तू असताना मला नऊ वर्षे मिळाली होती.

पावाच्या भट्टीवरची ती खोली तुला आठवत असेल. कॉलेज संपवून आपण दोघे रिकामे होतो. माझे घर रेवदंड्याच्या आतल्या बाजूचे, भातशेतीचे. तुझे आगरदांड्याचे, निम्मी माणसे आखातात गेलेले. तुझ्या अब्बांची इच्छा होती की तूही दुबईला जावेस. तू गेलास मुरूडच्या केबलवाल्याकडे आणि टीव्हीच्या तळाशी सरकणाऱ्या जाहिरातींची पट्टी चालवायचे काम आपल्या दोघांसाठी मागून आणलेस. मी दुकाने फिरून जाहिराती आणायचो. तू भट्टीच्या उकाड्यात, अंगात नुसती बनियन घालून, त्या टाइप करायचास. लग्नाची भांडी भाड्याने मिळतील. चष्मे एका दिवसात. आणि मध्येच, कुणी न सांगता, कुणी काही न देता: 'दिघीची लाँच आज बंद. वारा जास्त आहे.'

"फुकटची ओळ कशाला टाकतोस रे?" मी भांडायचो. "ती जाहिरातीची जागा आहे."

"विनू, लोक पट्टी बघतात ती लाँच हाय का न्हाय ते बघाया," तू मान वर न करता म्हणायचास. "तुझा चष्मेवाला त्यांना वाटेत भेटतो. लाँच काढून टाक, मग तुझ्या चष्मेवाल्याकडं कुत्रं बघायचं न्हाय."

एकदा श्रीवर्धनकडे निघालेले एक वऱ्हाड तुझी ती ओळ वाचून धक्क्यावर आलेच नाही. सकाळीच गाड्या करून ते लांबच्या रस्त्याने गेले आणि मुहूर्त गाठला. आठवड्याने नवऱ्या मुलाचा बाप, मुरूडचा एक कापडवाला, धापा टाकत आपला जिना चढून आला. "पट्टीवाले कोण? तुम्ही? एवढीशी पोरं?" असे म्हणत त्याने पेढ्यांचा पुडा ठेवला आणि वर्षभराची जाहिरात दिली. तू माझ्याकडे बघून नुसती एक भुवई वर केलीस. मला त्या क्षणी तुझा अभिमान वाटला. आणि किंचित रागही आला, कारण जाहिरात मिळवणे हे माझे काम होते. तो राग तेव्हा किती लहान होता, आणि मी त्याला किती वर्षे पोसले, याचा विचार या तेवीस दिवसांत मी पुष्कळ केला.

पुढची वाट आपण बरोबरच चाललो. मुंबईत एका मराठी वर्तमानपत्रासाठी जाहिरातींची जागा विकली, मग एका मोठ्या जाहिरात कंपनीत शिरलो. तिथे इंटरनेटचा विभाग म्हणजे झेरॉक्स यंत्राशेजारचे एक टेबल आणि आपण दोघे. लोक यायचे ते झेरॉक्स काढायला आणि जाता जाता विचारायचे, "काय कॉम्प्युटरवाले, आज काय विकलंत?" मराठी अक्षरे तेव्हा पडद्यावर धड उमटत नसत. जयंतीभाई हे आपले पहिले मोठे ग्राहक, मसाल्याच्या कारखान्याचे मालक. त्यांना तू पहिली जाहिरात उघडून दाखवलीस, तर मजकुराच्या जागी नुसते रिकामे चौकोन.

"आ शूं छे? हे चौकोन कशाचे?" जयंतीभाईंनी विचारले.

"तुमच्या मसाल्याचे डबे," तू म्हणालास. "अजून भरायचेत."

ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या दिवसापासून ते ऑफिसात आले की आधी तुला हाक मारू लागले. मी शेजारी बसलेलो असायचो.

मग तो धंदा वाढला, टेबलाचा मजला झाला, आणि आपले दोन विभाग झाले. तू मराठीतला मजकूर आणि व्हिडिओ करायचास. मालवणी मटण कसे करावे, वाटण करपले तर काय करावे, आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, मसाला भरून ठेवताना बुरशी कशी टाळावी. एखादी रायगडातली सुगरण समोर बसवून तू तिच्याकडून हे सगळे बोलून घ्यायचास. मसाल्याचे नाव शेवटी एकदाच, तेही हळू आवाजात. माझ्याकडे होत्या सर्चवरच्या जाहिराती. कुणी फोनवर मसाल्याचे नाव टाइप केले की सर्वांत वर आमची जाहिरात दिसायची. त्यावर बोट ठेवले की खरेदी.

या दोन कामांचे माप मात्र एकच होते, आणि ते माझ्या बाजूचे होते. आपल्या धंद्यात तेव्हा नियम होता की, विक्रीचे सगळे श्रेय शेवटच्या क्लिकला द्यायचे. साताऱ्यातल्या कुणा बाईने तुझा व्हिडिओ पाहिला, तो तिला पटला, चार दिवसांनी तिने मसाल्याचे नाव आठवून फोनवर टाइप केले आणि माझ्या जाहिरातीवर बोट ठेवले, तर कॉम्प्युटरच्या लेखी ती बाई मी आणलेली होती. तू तिच्या वाटेवर कुठे नव्हतासच.

यावर आपण किती भांडलो! कँटीनमध्ये, जिन्यात, ग्राहकाकडे जाताना टॅक्सीत. तुझे एक म्हणणे मी आजही तुझ्या आवाजात ऐकू शकतो.

"आगरदांड्याच्या धक्क्यावर तिकीट फाडणारा असतो ना, तो म्हणेल, सगळ्यांना दिघीला मीच नेलं. लाँच कुणी चालवली, माणूस दिघीला का निघाला, त्याचं त्याला काय? तिकीट मी फाडलं! तसा तू हायस, विनू. तिकीट फाडणारा."

पुढे तू मला सरळ 'तिकीटवाले' म्हणू लागलास. सगळा मजला म्हणू लागला. मीही हसायचो. पण तुझ्या म्हणण्याला मी एकच उत्तर देत असे: "आकडा दाखव." आणि आकडा तुझ्याकडे नव्हता. असता कसा? मोजायचे यंत्रच तुला पाहत नव्हते.

तो आकडा अखेर मेघनाने काढला. आकडेवारी पाहणारी ती शांत मुलगी माझ्या हाताखाली होती. तिने सुचवले, काही जिल्ह्यांत शौकतसरांचे व्हिडिओ तीन महिने दाखवायचे नाहीत, काहींत चालू ठेवायचे, आणि काय होते ते पाहायचे. तू आनंदाने कबूल झालास. "कर, मेघना, बंद कर. बघू तरी माझ्यावाचून कुणाचं अडतं का," असे तूच म्हणालास. तीन महिन्यांनी, जयंतीभाईंबरोबरच्या वार्षिक बैठकीच्या आदल्या दिवशी, तिने अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. जिथे तू बंद होतास, तिथे विक्री उतरली होती. त्याहून महत्त्वाचे, तिथे मसाल्याचे नाव शोधणारी माणसेच कमी झाली होती. म्हणजे माझी जाहिरात ज्या क्लिकवर उभी होती, तो क्लिक तुझ्या व्हिडिओतून येत होता. माझे यश तुझ्या खांद्यावर बसले होते आणि उंच दिसत होते.

"शौकतला मी सांगतो," मी मेघनाला म्हणालो. "आधी एकदा तपासून घेऊ." तिने मान डोलावली. वरिष्ठाचा शब्द होता.

मी तपासले, शौकत. त्याच संध्याकाळी, दोनदा. त्यात चूक नव्हती.

बैठकीत तुझ्यामाझ्याशिवाय नऊ जण होते. पुढच्या वर्षी कोणते काम ठेवायचे आणि कोणते सोडायचे, एवढाच विषय. मी माझा तक्ता दाखवला, शेवटच्या क्लिकचा. जयंतीभाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि मग तुझ्याकडे वळले. "शौकतभाई, तुमचं काम मला गमे छे, आवडतं. घरी माझी बायको बघते. पण आकडा क्यां छे? कुठे आहे?"

तू माझ्याकडे पाहिलेस. त्या पाहण्यात संशय अजिबात नव्हता, म्हणून ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तू फक्त विचारत होतास: ती चाचणी झाली ना, तिचे काय निघाले? अहवाल माझ्या पायाशी ठेवलेल्या बॅगेत होता. मी म्हणालो, "चाचणी केली. पण त्यातून ठाम असं काही निघालं नाही."

एवढेच. तीन-चार सेकंदांचे वाक्य. जयंतीभाईंनी तुझे काम थांबवले, महिन्याभरात कंपनीने विभाग गुंडाळला, आणि दोन्ही कामांच्या वर जे नवे पद होते ते मला मिळाले. तुला माझ्या हाताखाली जागा देऊ केली होती. तू हसून म्हणालास, "धक्क्यावर दोन तिकीटवाले कशाला?" आणि तुझ्या विभागातल्या चार माणसांची नावे मला लिहून दिलीस, त्यांना कुठेतरी सामावून घे म्हणून. स्वतःसाठी काही मागितले नाहीस.

मी असे का केले, हे मी स्वतःला अनेक तऱ्हांनी सांगून पाहिले. पद हवे होते, हे खरे. तक्ता आधीच पाठवून झाला होता, आदल्या दिवशी आलेल्या कागदावर सगळे फिरवणे अवघड होते, हेही अर्धे खरे. पण तळाशी जे आहे ते पावाच्या भट्टीवरच्या त्या खोलीतले आहे. इतक्या वर्षांत एकदा तरी मी बरोबर असावे आणि तू चूक असावास, असे मला वाटत होते. मेघनाच्या अहवालाने तीही सोय ठेवली नव्हती. म्हणून मी तो बॅगेतच राहू दिला.

तू गावी आलास आणि जे काही केलेस, ते पाहायला मी मुद्दाम येत असे. तुला वाटायचे प्रेमाने येतो. प्रेम होतेच. रेवदंड्याच्या मच्छीवाल्या बायकांसाठी तू फोनवर एक ग्रुप काढलास: आज होड्यांना काय लागले, कोण कुठे बसली आहे, आणि त्याच्या आधी लाँचची वेळ आणि भरती-ओहोटी. अलिबागपर्यंतची गिऱ्हाइके तो ग्रुप वाचू लागली. काशीदच्या एका घरगुती खानावळीची जाहिरात तू लिहिलीस, तिची पहिली ओळ होती, 'शनिवार-रविवारी येऊ नका, गर्दी असते.' मी मुंबईहून फोन केला, "अरे, जाहिरातीत कुणी 'येऊ नका' लिहितं का?"

"सोमवारी येतात की मग," तू म्हणालास. "खानावळवाली बाई म्हणते, शौकतभाई, आता सोमवारी पण येऊ नका लिवा, मला दम न्हाय."

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी मुंबईत बैठका घेत होतो. तिला दर पंधरा दिवसांनी अलिबागला डॉक्टरकडे तू नेत होतास. ती तुला 'शौक्या' म्हणायची आणि रिक्षात तुझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपायची, हे मला शेजाऱ्यांनी सांगितले. तू कधी बोलला नाहीस. मी तुझे आभार मानले, तर म्हणालास, "ती माझी पण कुणीतरी हाय." मी तेव्हा सांगू शकलो असतो. तुझ्या चांगुलपणाने माझी जीभ सुटायला हवी होती. ती अधिकच जड झाली. ज्याचे इतके घेतले, त्याच्यासमोर आणखी एक गोष्ट कबूल करायला माणसाला जितके बळ लागते, तितके माझ्यात नव्हते.

आणि मग दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ. तू दिघीला निघाला होतास, मी तुला सोडायला धक्क्यावर आलो होतो. लाँच यायला वेळ होता. आपण चहा घेतला. तू पाण्याकडे बघत, अगदी सहज म्हणालास, "विनू, तू बरोबर होतास रे. मीच हट्ट धरला. हे असलं गावात चालतं, चार माणसांत. मोठ्या कामात तुझंच खरं."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"त्या चाचणीत खरंच काय निघालं न्हाय ना? माझ्या बाजूचं?"

तू विचारलेस, शौकत. सात वर्षांनी, तोंडावर, दुसरे कुणी नसताना विचारलेस. मी म्हणालो, "नाही."

"बरं झालं," तू म्हणालास आणि खरोखरच हलका झालास. "डोक्यातनं गेलं. सनालाही सांगून टाकतो, बापासारखा हट्ट करू नको म्हणून." मग तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "माफ कर हां, लई वर्सं तुला तिकीटवाला म्हटलं." मी "जाऊ दे" म्हणालो. तुझी माफी मी घेतली. बैठकीतले वाक्य भीतीने आणि हव्यासाने निघाले, त्याला निदान कारण तरी होते. धक्क्यावरचे वाक्य काही मिळवण्यासाठी नव्हते. तुझा स्वतःवरचा विश्वास माझ्या डोळ्यांदेखत मावळत होता, आणि माझी अडचण टळावी म्हणून मी तो मावळू दिला.

तुझी सना आता चोवीस वर्षांची आहे आणि नव्या मुंबईत आपल्याच धंद्यात काम करते. तुझ्या दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी घरी आलो, तेव्हा ती तुझा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ओटीवर पाहुणे होते. तिने मला आतल्या दाराशी बोलावले.

"काका, एक विचारू? खरं सांगायचं हां. अब्बा म्हणायचे, माझी पद्धत चुकीची होती, विनूकाकाचं बघून शिक. मी त्यांचे जुने व्हिडिओ बघितले सगळे. मला तर भारी वाटतात. मग काय, मी मुलगी म्हणून मला भारी वाटतात का? की अब्बा खरंच चांगले होते?"

"नंतर बोलू," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मला हेच एक उत्तर येत होते.

पण त्या वेळी ते पचले नाही. मी गेलो की तुझ्याविषयी तुझीच लेक उरलेले आयुष्य तू चूक होतास असेच समजून राहणार होती; तुझा मावळलेला विश्वास आता तिच्याकडे वारशाने जाणार होता. पुढच्या जुम्याला नमाजाची माणसे परतल्यावर मी अहवाल घेऊन आलो. कागद पिवळे पडले नव्हते. माझ्या कपाटात नीट, प्लास्टिकच्या फाइलीत होते. फेकून का दिले नाहीत, हे मला सांगता येणार नाही.

सना आपल्या धंद्यातली. दोन पाने वाचून तिला सगळे कळले. तिने तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"हे बैठकीच्या आधीचं आहे."

"हो."

"अब्बांना माहीत होतं?"

"नाही. त्याने विचारलं होतं. मी खोटं बोललो."

ती रडली नाही. आत जाऊन आईला घेऊन आली आणि म्हणाली, "अम्मीला वाचून दाखवा. तुम्हीच. मी न्हाय सांगणार."

जुबेदाभाभी पाटावर बसल्या आणि मी त्यांना वाचून दाखवले. जिल्हा, महिना, काय बंद केले, काय झाले. त्यांना त्यातले शब्द परके होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "मंजे, ते बरोबर होते?"

"हो, भाभी."

"मग ते मला सांगायचे, जुबेदा, माज्यामुळं चार पोरांची नोकरी गेली. झोपेतसुदीक बोलायचे. ते काय होतं?"

त्या उठल्या, पदर सारखा केला. "विनूभाई, नऊ वरीस तुम्हाला वाढलंय मी या घरात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता मला सांगा, त्यांची पद्धत चुकीची हाय असं कुणाकुणाला वाटतंय?"

"त्या बैठकीत नऊ जण होते."

"मग त्या नऊ जणांना सांगा. आमाला सांगून काय उपेग? आमी तर त्यांना कधी चुकीचं धरलंच नव्हतं."

शौकत, माझ्या मनात होते की मी येईन, कबूल करेन, त्या रागावतील किंवा क्षमा करतील, आणि काहीतरी संपेल. तुझ्या बायकोने दोन्ही केले नाही. तिने मला काम दिले. तुझ्या घरात असेच होते. माणसाच्या रडण्यापेक्षा त्याला काय हवे आहे ते आधी पाहिले जाते. मला वाटते, ते तुझ्याकडून तिच्यात आले असेल. किंवा तिच्याकडून तुझ्यात, आणि आम्ही सगळे ते तुझे समजत आलो.

मी फोन करायला सुरुवात केली. पहिल्यांदा मेघनाला, जरी ती बैठकीत नव्हती. ती आता दुसऱ्या शहरात मोठ्या पदावर आहे. बराच वेळ ऐकून म्हणाली, "सर, मला वाटलं होतं तुम्ही दाखवला आणि त्यांनी मानला नाही. मी नंतर विचारायला हवं होतं." तिच्या वाट्यालाही मी काहीतरी ठेवून गेलो होतो, हे मला त्या दिवशी कळले. नऊ जणांपैकी एक म्हणाला, "आता कशाला उकरतोस? गेला बिचारा." एकाने विचारले, तब्येत बरी आहे ना तुझी? तुझ्या वेळचे आपले वरिष्ठ फक्त "अच्छा" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून म्हणाले, "मला रात्रभर तो मुलगा आठवत होता." सना प्रत्येक वेळी विचारते, झाला का फोन, काय म्हणाले. ती मला सोडत नाही, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. हा मजकूर छापायला देण्याआधी तिने वाचला. तिच्या सांगण्यावरून मी त्यातली माझ्या बाजूची दोन वाक्ये काढून टाकली.

काल जयंतीभाईंना फोन लागला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, कारखाना मुले पाहतात. आपल्या धंद्यातल्या कुणाशी त्यांचा संबंध उरलेला नाही. मी सुरुवातीपासून सांगितले. अहवाल काय होता, तो कुठे होता, त्या दिवशी त्यांनी तुला आकडा विचारला तेव्हा मी काय बोललो. ते खाकरले.

"म्हणजे, शौकतभाई साचा होता, खरा होता."

"हो, जयंतीभाई."

"अरे, मग बोलवा ना त्याला! आज बोलवा. मुलं माझी नुसती डिस्काउंट-डिस्काउंट करतात, कोणी मसाला शिकवतच नाही. माझी बायको अजून विचारते, ते मटणवाले व्हिडिओ का बंद केले? त्याला सांगा, जयंतीभाई गाडी पाठवतो. गावाला राहतो ना तो? तिथे पाठवतो."

"जयंतीभाई," मी म्हणालो आणि अडखळलो. त्यांना वाटले, मी संकोचलो आहे.

"कां? येणार नाही? अजून रागात आहे आमच्यावर?"

"नाही," मी म्हणालो. "तो जिवंत होता तोवर रागवायचं कारण मी त्याला कळूच दिलं नाही."

जयंतीभाईंच्या घरात कुणीतरी भांडी लावत होते, त्याचा आवाज येत राहिला. त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.